मांजराला शुगर निघाली? घरी साखर कशी मोजायची, इन्सुलिनवर नजर कशी ठेवायची

आमच्या भुऱ्या बोक्याची शुगर आधी मुंग्यांनी ओळखली. गच्चीच्या कोपऱ्यात त्याला लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या टोपल्याला लाल मुंग्यांची रांग लागायला लागली. सासूबाईंना स्वतःला कैक वर्षांपासून शुगर. त्या म्हणाल्या, "अगं, याला बी माझ्यासारखीच लागली का काय बघ." आम्ही हसलो. महिनाभरात हसू गेलं. बोका खायचा दुप्पट आणि पाठीचा कणा हाताला लागायचा. पाण्याच्या भांड्यापासून हलायचा नाही. मग एक दिवस मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवत, सशासारखा बसून चालल्यागत चालायला लागला. शुगर फार दिवस जास्त राहिली की मांजराच्या पायांच्या नसा अशा कमजोर होतात.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या भागातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाय, म्हैस, शेळी यांतच गुंतलेले असतात. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मोठ्या शहरांत मांजर-कुत्र्यांचे खाजगी डॉक्टर आहेत. पण शुगरचं मोजणं हे रोजचं काम. ते घरातच शिकावं लागतं, आणि शिकता येतं. डोस किती द्यायचा ते इथं मिळणार नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना ठरवता यावं म्हणून आकडे कसे गोळा करायचे, तेवढं सांगते.

१. निदान पक्कं करून घ्या

मांजर घाबरलं की त्याची साखर तात्पुरती चढते, कधी ३०० च्याही वर. पिशवीत घालून एसटीने नेलेल्या, दवाखान्यात कुत्री भुंकताना ऐकलेल्या मांजराचा एकच आकडा बघून "शुगर आहे" असं ठरवू नका. शांत बसलेल्या निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० च्या आसपास असते. रक्तातली साखर २५०-२८० च्या पुढे गेली की ती लघवीत उतरायला लागते. म्हणून घरी धरलेल्या लघवीची तपासणी उपयोगी पडते. शिवाय फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी असते. तिच्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी दिसते, क्षणभराची भीती दिसत नाही.

डॉक्टरकडे जाताना एक फाइल न्या. तिच्यात जुने रक्ताचे रिपोर्ट, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, वजनाची नोंद आणि खाण्याचा तपशील हवा. खाज किंवा तोंड आलं म्हणून आधी कधी स्टेरॉइडची सुई दिली असेल तर ती आवर्जून सांगा, कारण स्टेरॉइडने मांजराला शुगर होऊ शकते. भुऱ्याला अशा सुया झालेल्या होत्या. मी ते सांगितलंच नव्हतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा आठवलं.

२. सामान

- माणसांचा साधा ग्लुकोमीटर आणि त्याच कंपनीच्या पट्ट्या. रक्ताचा थेंब जितका लहान चालतो तितका बरा, म्हणून मीटर घेताना ते विचारा.
- लॅन्सेट, म्हणजे टोचायच्या सुया. सुरुवातीला थोड्या जाड घ्या. बारीक सुईने थेंबच येत नाही आणि मांजर दोनदा टोचलं जातं.
- डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्सुलिन आणि त्याच मापाच्या सिरिंज. यावर पुढे वेगळं लिहिते.
- लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारं द्रव्य) तपासायच्या पट्ट्या.
- मध किंवा ग्लुकोज पावडर. हे फ्रीजवर, डोळ्यासमोर ठेवा, कपाटात आत नको.
- वजनकाटा. बोक्याला कुशीत घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं.
- दोनशे पानी वही.

इन्सुलिनपेक्षा पट्ट्यांचा खर्च जास्त होतो, ते आधीच मनाशी धरा. पट्टी वाचवायला मोजणं टाळलं की पुढे दवाखान्याचं बिल येतं.

माणसांचं मीटर मांजराची साखर खरीपेक्षा थोडी कमी दाखवतं. माणसाच्या रक्तात बरीच साखर लाल पेशींच्या आत असते, मांजराच्या पेशींत ती फार थोडी असते, आणि मीटरचा हिशेब माणसाचा. त्याने काम अडत नाही. एकच मीटर कायम वापरायचं आणि डॉक्टरांना सांगायचं की आकडे माणसांच्या मीटरचे आहेत. या मीटरवर एक आणि त्या मीटरवर एक, असं केलंत की वही रद्दीत घाला.

३. सिरिंज आणि बाटली जुळते का बघा

हे सगळ्यात सावकाश वाचा, कारण मी इथंच चुकले.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन साधारणपणे दोन ताकदींत मिळतं. एका मिलीत ४० युनिट असलेलं, आणि एका मिलीत १०० युनिट असलेलं. सिरिंजही दोन. ४० च्या सिरिंजला साधारणपणे लाल टोपण असतं, १०० च्या सिरिंजला केशरी. सासूबाईंचं इन्सुलिन ४० चं, त्यामुळे घरात लाल टोपणाच्या सिरिंजचा डबाच होता. भुऱ्याला ग्लार्जिन (सावकाश, बराच वेळ काम करणारं इन्सुलिन) लिहून दिलं होतं, आणि ते १०० चं होतं. डोस एक युनिट. मी सासूबाईंच्या डब्यातली सिरिंज उचलली, एकच्या खुणेपर्यंत भरली आणि दिली. ४० च्या सिरिंजवरची एक खूण म्हणजे १०० च्या इन्सुलिनचे अडीच युनिट. पहिल्याच दिवशी बोक्याला अडीचपट डोस गेला. पुढे काय झालं ते सातव्या पायरीत येईल.

म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा स्वतः वाचा. रंगावर जाऊ नका. मेडिकलमधून घेताना नावाचा प्रत्येक शब्द चिठ्ठीशी जुळवा. "हेच आहे ताई, सारखंच असतं" असं कोणी म्हणालं तर बाटली परत द्या. ३०/७० असं लिहिलेलं मिश्रण वेगळं, ग्लार्जिन वेगळं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. ढगाळ दिसलं तर वापरू नका, आणि ते हलवायचं नसतं, पाणी घालून पातळही करायचं नसतं. मांजरासाठी शक्यतो ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज शोधा. मांजराच्या डोसमध्ये अर्धा युनिट म्हणजे मोठी गोष्ट असते.

आणि मांजराचं सामान वेगळ्या डब्यात ठेवा. आमच्या डब्यावर आता जाड अक्षरात "भुऱ्या" लिहिलंय.

४. कान टोचणं

पहिले चार दिवस टोचूच नका. रोज त्याच जागी, त्याच वेळी मांडीवर घ्या, कान चोळा, मीटरचा टिक् आवाज ऐकवा आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. चिकन फक्त याच वेळी, एरवी नाही. आठवडाभरात भुऱ्या मीटरची पिशवी उघडली की स्वतः येऊन बसायला लागला. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "कामून गं टोचायलीस त्या मुक्या जिवाला?" आता त्याच सकाळी आठवण करतात.

कान उजेडाकडे धरलात की कडेने एक बारीक शीर दिसते. शिरेत टोचायचं नाही. शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायचं. कानामागे कापसाची घडी धरा, म्हणजे सुई आरपार तुमच्या बोटात जाणार नाही. थंडीत कान गार असतो, तेव्हा कोमट पाण्यात पिळलेलं फडकं अर्धा मिनिट धरा. मे महिन्यात आमच्याकडे याची गरज पडत नाही. व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवलं तर थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. स्पिरिट लावू नका, झोंबतं आणि आकडाही बिघडू शकतो. थेंब आला की पट्टीचं टोक त्याला नुसतं टेकवा, पट्टी स्वतः ओढून घेते. मग कापसाने अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर कानाला काळा डाग पडतो.

दोनदा प्रयत्न फसला तर सोडून द्या आणि चिकन द्या. झटापट केलीत तर त्या भीतीनेच साखर चढेल आणि आकडा कामाचा राहणार नाही.

कान टोचणं जमतच नसेल तर फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर डॉक्टर मांजराच्या अंगावर चिकटवून देतात. तो चौदा दिवसांपर्यंत चालतो, पण मांजरं तो आधीच काढून टाकतात असाही अनुभव येतो. तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या थोडा मागे असतो. त्याने फार कमी आकडा दाखवला तर कान टोचून खात्री करा.

५. वही

एकटा आकडा कोणालाच काही सांगत नाही. "आज ३१० होती हो डॉक्टर" असा फोन केलात तर समोरून पहिला प्रश्न येईल, कधी? सुईच्या आधी की नंतर? काय खाल्लं होतं? म्हणून वहीत रकाने आखा: तारीख, वेळ, साखर, खाणं, किती युनिट, कोणी दिलं, शेरा.

"कोणी दिलं" हा रकाना एकत्र कुटुंबासाठी आहे. आमच्या घरी मी सकाळी देऊन शाळेत गेले, आणि नवऱ्याला वाटलं राहिलंच. सुई हातात घेऊन उभे होते. तेव्हापासून नियम असा की वहीत सही नसेल तर आधी विचारायचं, आणि विचारायला कोणी नसेल तर द्यायचं नाही. चुकलेल्या एका डोसने साखर चढते, दुहेरी डोसने जीव जाऊ शकतो.

दुसरा सापळा केसांचा. सुई मानेऐवजी कुशीकडच्या सैल कातडीत, दर वेळी जागा बदलून द्यायची. कधी कधी ती कातडीच्या पलीकडून बाहेर येते आणि औषध केसांत सांडतं. केस ओले लागतात, दवाखान्यासारखा वास येतो. अशा वेळी पुन्हा सुई देऊ नका. आत किती गेलं ते कळायला मार्ग नसतो. शेऱ्यात "सांडलं" लिहा आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

दिवसाचं पाणीही मोजा. सकाळी मापाच्या पेल्याने भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरकरांना पाणी मोजायचं वेगळं शिकवायला नको. किलोमागे १०० मिलीहून जास्त पाणी मांजर रोज पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. भुऱ्या साडेचार किलोचा आणि अर्ध्या लिटरच्या वर प्यायचा. औषध लागू पडायला लागलं तसं आकड्यांच्या आधी पाणीच कमी झालं. वजन आठवड्याला एकदा पुरे.

६. बारा तासांचा कर्व्ह

इन्सुलिन दिल्यावर साखर किती खाली येते, कधी येते आणि किती वेळ खाली राहते, हे बघायला कर्व्ह काढतात. सुट्टीचा दिवस निवडा. सुईच्या आधी एकदा मोजा, मग नेहमीसारखं खाणं आणि सुई, आणि पुढे दर दोन तासांनी, पुढच्या सुईपर्यंत. साखर १५० च्या खाली जाताना दिसली तर दर तासाला. त्या दिवशी पाहुणे नकोत, नवं खाणं नको, आंघोळ तर नकोच.

भुऱ्याच्या वहीतला एक चांगला दिवस असा: सकाळी ७ ला ३४२, ९ ला २८८, ११ ला १९६, दुपारी १ ला १२४, ३ ला १४१, ५ ला २१४, संध्याकाळी ७ ला ३०५. सगळ्यात खालचा आकडा १२४, सुईनंतर सहा तासांनी. उतार सावकाश, चढही सावकाश. डॉक्टरांना साधारण हेच बघायचं असतं, खालचा तळ ८० ते १५० च्या मध्ये कुठेतरी.

आता दुसरा दिवस बघा: ७ ला ३३०, ९ ला १८०, ११ ला ६८, १ ला १५०, ३ ला २९०, ५ ला ३६०, ७ ला ३८०. या दिवशी फक्त सकाळ-संध्याकाळ मोजलं असतं तर ३३० आणि ३८० एवढेच दिसले असते, आणि मनात आलं असतं की डोस कमी पडतोय, वाढवू या. मधला ६८ बघितला की कळतं, वाढवणं धोक्याचं होतं. शाळेत मुलांना मी सांगते तसं, आलेखाची दोन टोकं जोडून रेघ मारू नका, मधले बिंदू काढा.

डोस बदलल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कर्व्ह काढून निकाल लावू नका. शरीर रुळायला निदान आठवडा द्यावा लागतो. मात्र त्या आठवड्यात दुपारचा एखादा आकडा घेत राहा, साखर फार खाली जात नाही ना हे बघायला.

७. साखर कमी झाली तर

साखर जास्त असलेली काही दिवस निभते, कमी झालेली तास-दोन तासही निभत नाही. ६० च्या खाली गेली की धोका. मांजर दारू प्यायल्यागत झोकांड्या खातं, खाण्यासाठी वेड्यासारखं ओरडतं किंवा उलट एका कोपऱ्यात गप्प पडतं, थरथरतं, पुढे झटके येतात. काही मांजरं ४० वरही नीट चालताना दिसतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका, मोजा.

त्या चुकीच्या सिरिंजच्या दिवशी दुपारी भुऱ्या ओट्यावरून उडी मारताना पडला. कान टोचला, मीटरवर ३८. हातपाय गार पडले माझे. फोनवर मॅडमनी जे सांगितलं ते क्रमाने लिहिते:

मांजर शुद्धीवर असेल, गिळत असेल तर लगेच खायला द्या. नसेल खात तर बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल, आणि दातांच्या मध्ये बोट घालू नका. मध लावून पंधरा मिनिटांनी परत मोजा. वर आली तरी खाणं द्या, कारण मधाची साखर लवकर ओसरते आणि इन्सुलिन अजून अंगात असतं. आणि गाडी काढा, डॉक्टरकडे निघा. बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका.

भुऱ्या वाटेतच म्याव म्याव करायला लागला. तरी रात्रभर तिथं ठेवला.

रोजचा नियम असा: सुईच्या आधीचा आकडा २०० च्या खाली असेल, किंवा मांजराने खाल्लं नसेल, उलटी केली असेल, तर आधी फोन, मग सुई.

८. खाणं

दूध-भाकर, वरणभात बंद. कोरड्या खाद्यातही पिठाचा भाग बराच असतो. डॉक्टर बहुधा जास्त प्रथिनांचं, कमी पिठाचं, ओलं खाणं सांगतात. पण इन्सुलिन चालू असताना खाणं एका दिवसात बदलू नका. पिठाचं खाणं कमी झालं की साखर झपकन उतरते, जुना डोस तसाच राहिला तर तीच सातवी पायरी. बदल हळूहळू, डॉक्टरांना सांगून, आणि त्या दिवसांत मोजणं जास्त.

येळवसला (वेळ अमावस्येला) सगळं घर शेतात असतं. आम्ही सकाळी सातची सुई देऊन निघतो आणि संध्याकाळी सातच्या आत परततो. त्या दिवशीच्या भज्जीचा (मिश्र भाज्यांच्या कालवणाचा) घास मांजराला देऊ नका, कांदा-लसूण मांजराला विषारी असतो.

९. उन्हाळा आणि लाइट

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि लाइट जायला मुहूर्त लागत नाही. लाइट गेल्यावर फ्रीज उघडू नका. फार वेळ गेली तर बाटली छोट्या स्टीलच्या डब्यात घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवायची, वर ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्यावर. ३० अंशांच्या आत राहिलं पाहिजे. शहरातून आणताना बाटली थर्मासमध्ये आणा, पण बर्फ तिला चिकटू देऊ नका, मध्ये टॉवेल गुंडाळा. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. मीटर उन्हातल्या गाडीत राहिलं की एरर दाखवतं, घरात आणून थोडं थांबा.

आकडे अचानक बिघडले आणि खाणं-डोस तेच असेल तर आधी औषध खराब झालंय का हा संशय घ्या. नवी बाटली उघडून बघा, पण डोस तोच ठेवून, आणि पहिल्या दिवशी जास्त वेळा मोजून.

१०. फोन कधी करायचा

लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले, मांजर खात नाही, मलूल आहे, उलट्या आहेत: त्याच दिवशी, रात्र असली तरी. यात शरीर आम्लाने भरत जातं, घरी उपाय नाही.

चांगला डोस असूनही साखर आठवडेच्या आठवडे उतरत नसेल तर दात किडलेत का, लघवीला संसर्ग आहे का, हे तपासायला सांगा. आणि तळ दर वेळी ८० च्या जवळ जायला लागला तरी फोन करा, कारण डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते. लवकर उपचार मिळालेल्या काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. भुऱ्या आता दोन वेळा अर्ध्या युनिटवर आहे. मुंग्या गच्चीवर अजून येतात, पण त्या सासूबाईंनी वाळत घातलेल्या गुळासाठी.

वापरलेल्या सुया मी फिनेलच्या जाड बाटलीत बूच लावून साठवते आणि दवाखान्यात परत देते. घंटागाडीत टाकू नका, कचरा हाताने निवडणाऱ्या बायांच्या हाताला लागतात.